पुढचं गाणं

ग्रिम्सबीत आमच्या घरी एकाच बँडच्या दोन वस्तू होत्या
आणि त्यांचं आपसात पटत नव्हतं.

वडिलांची एलपी, चौऱ्याहत्तर सालची.
कव्हरवर चौघं, धक्क्यावर उभे, वाऱ्यानं केस तोंडावर आलेले.
सगळ्यात डावीकडचा ऑर्गन वाजवायचा.
त्याच्या चेहऱ्यावर चहाच्या कपाचा गोल डाग.

आईची कॅसेट ब्याऐंशीची, लाउथ रोडच्या पेट्रोल पंपावरची,
काचा पुसायच्या फडक्यांशेजारी टांगलेली.
ग्रेटेस्ट हिट्स, सोनेरी अक्षरांत.
फोटो तोच, पण कापलेला. आता तिघंच.
ऑर्गनवाल्यानं तोवर बाकीच्यांवर दावा लावला होता.
त्याचं कोपर तेवढं राहून गेलं होतं
शेजारच्याच्या बरगडीला चिकटून, कुणाचं ते न कळणारं.

वडील गोदीत माशांचे काटे काढायचे.
म्हणायचे, आठ तास हेच करतो, मला विचार ना,
काटे काढल्यावर मासा चवीला उरतो,
पण कुठल्या दिशेनं पोहत होता ते कळत नाही.

आई इस्पितळाच्या चादरींची व्हॅन चालवायची.
म्हणायची, विल्फ, तुझ्याकडे आरामखुर्ची आहे.
मला दोन वॉर्डांच्या मध्ये सात मिनिटं मिळतात.
सात मिनिटांत मी काटे कशाला खाऊ?

खाडीवरचं ते संथ गाणं मात्र दोन्हीकडे होतं.
एलपीवर त्याचा शेवटचा सूर संपतच नसे.
ऑर्गन तो धरून ठेवी, आणि त्याच सुरातून
पुढचं उगवे: शब्द नाहीत, सहा मिनिटं,
ओहोटीनंतर चिखल चमकतो तसं काहीतरी.
कॅसेटवर तो सूर हळूहळू बारीक केलेला,
मग दोन सेकंद कोरी फीत,
मग टाळ्या, तंबोरीन, आणि लग्नात सगळे नाचतात ते गाणं.

त्यामुळे रेडिओवर खाडीचं गाणं लागून संपलं,
की आमच्या सिंकपाशी भांडण व्हायचं.
वडील ताट विसळताना ऑर्गन गुणगुणू लागत,
आई कोरड्या फडक्यानं टाळ्यांचा ठेका धरी,
आणि रेडिओवर एव्हाना बातम्या चालू असत.
मला कितीतरी वर्षं वाटायचं
की जगात प्रत्येक गाण्याला दोन शेवट असतात
आणि मोठं झालं की त्यातला एक निवडायचा असतो.

पुढे सीडी आली. मग त्याच सोळा गाण्यांची आणखी एक,
जास्तच उत्तम म्हणून, शेवटी एक नवं गाणं चिकटवून,
जे कुणी मागितलं नव्हतं.
वडिलांनी ती दुकानातच उलटी करून ठेवली.

गेल्या फेब्रुवारीत स्मशानगृहातले मिस्टर पिंचबेक
हलक्या आवाजात म्हणाले, कुठलं लावू?
आई म्हणाली, खाडीवरचं.
त्यांच्या कॉम्प्युटरवर हिट्सवालंच होतं. चालेल, म्हणाली.

सूर बारीक झाला. बारीक झाला. थांबला.
मी तिच्या हातांकडे बघत होते.
पहिली टाळी मला जवळजवळ ऐकू आली.
पण हातमोज्यातली बोटं हलली नाहीत.
ती गुणगुणत होती, ओठ मिटून, बेसूर, संथ,
ते बिनशब्दांचं, जे तिनं
चाळीस वर्षांत एकदाही आवडीनं ऐकलं नव्हतं.
सगळं नाही. सहा मिनिटं कोण देतं तिथं,
पुढचं कुटुंब दाराशी ओल्या छत्र्या घेऊन उभं होतं.

गाडीत बसल्यावर पट्टा लावता लावता म्हणाली,
तो कोपरवाला. त्याचं नाव काय गं होतं?
मला आठवेना.
मागच्या बाजूला छापलेलं असेल, म्हटलं,
घरी गेल्यावर बघू.