चातीची पिन

ओडिलोनने सायकल ढकलत आणली नाही,
खांद्यावर आणली,
आजारी वासरू आणावं तशी.
"सगळं उघड," म्हणाला, "फक्त रंगाला हात लावू नकोस."
आणि बसला खुर्चीवर, टोपी गुडघ्यावर.

आमच्या रॉन्से गावात आता गिरणी कामगारांपेक्षा
त्यांच्या सायकलीच जास्त उरल्यात.
माझ्याच भिंतीला सात टांगल्यात.

उजवी पिन शहाणी निघाली.
नट सैल केला, पण काढला नाही, आटे वाचावेत म्हणून.
क्रँकखाली पोकळ पाइपचा टेकू
आणि हातोडीचा एकच घाव.
मला शिकवणारी योझेफा म्हणायची,
दुसरा घाव म्हणजे भीती,
आणि भ्यालेला घाव पिनेचं डोकं चेपतो, तिला हलवत नाही.

डावी हटून बसली.
तेल पाजलं, रात्रभर मुरू दिलं.
सकाळी निळी ज्योत दाखवली,
ओल्या नाण्यांचा वास सुटला दुकानभर.
घाव घातला. दुसराही घातला. तिसरा
योझेफा नाही म्हणून घातला.

शेवटी ड्रिल.
पातं किंचाळलं, निळं पडलं, बोथट झालं.
सायकलच्या पिनेचं पोलाद एवढं कडक नसतं.
मी ओडिलोनकडे पाहिलं.
तो खिडकीबाहेर बिटाने भरलेला ट्रॅक्टर बघत होता,
जन्मात बीट पाहिलं नसावं तसा.

"चाती," तो म्हणाला, बऱ्याच वेळाने.
"साठचा हिवाळा. संप. उधारी बंद.
मोडक्या चातीचा तुकडा होता गिरणीत,
तो घासला कानशीने, बायकोच्या ओट्यावर.
तेवढंच एक मी तिथून उचललं.
बाकी सगळं त्यांनीच उचललं."

तीन पाती गेली त्या पिनेपायी.

मग कप. आटे सुलटे की उलटे?
आमच्याकडच्या जुन्या सांगाड्याचं कोणी सांगावं!
इंग्रजांचे आटे, फ्रेंचांचे आटे,
ज्याचा माल त्या महिन्यात स्वस्त त्याचे आटे.
पान्ह्यावर अंग टाकून मी अर्धा तास
आवळत होते,
सोडवतेय असं समजून.
उलटा फिरवला तेव्हा कुरकुरला, आणि आला.

आत वंगणाचं काळं मेण,
त्यात रुतलेले छर्रे.
मुरंब्याच्या बरणीत, रॉकेलमध्ये, मोजून टाकले.
उजवीकडचे अकरा. डावीकडचे दहा.
पुन्हा मोजले. फरशीवर रांगले, बाकाखाली हात घातला.
"दहाच होते," ओडिलोन म्हणाला.
कधीपासून, ते नाही म्हणाला.

नवे छर्रे, अकरा अन् अकरा.
नव्या पिना, कारखान्यातल्या, मऊ, आज्ञाधारक.
दोन्ही क्रँक एका रेषेत,
पट्टी लावून बघावं कुणीही.

तो चॅपलच्या वळणापर्यंत गेला.
उतरला. चालत परत आला.
"छान केलीयस," म्हणाला. "पण ही माझी नाही."

मग मला दिसलं. खरं तर आधीच दिसायला हवं होतं.
ओट्यावरच्या त्या हिवाळ्यात
चाती जरा जास्तच घासली गेली होती;
डावा क्रँक उजव्याच्या बोटभर मागे राहायचा,
आणि त्याच्यामागे डावा पाय,
पायामागे कंबर.
माझी पायरी चढतानाही तो डावा पाय उशिराच उचलतो.
मी समजत होते, वय झालंय.

नवी पिन शेगड्यात धरली,
कानस काढली.
वीस हात मारायचे, बसवून बघायचं.
"अजून?"
"अजून जरा."
चांगल्या वस्तूला असं बिघडवताना
माझा हात दोनदा थांबला.

चौथ्या वेळी तो गेला, तो वळणापाशी उतरला नाही.
दिसेनासा झाला, मग घंटी ऐकू आली,
कोणाला वाजवली कोण जाणे, रस्ता रिकामा होता.

अकराव्या छर्ऱ्याचं त्याने विचारलं नाही.
मी सांगितलं नाही.