बत्तीसचं अंतर

सदरला, मेन रोडच्या मागच्या गल्लीत
माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान.
एक कॉम्प्युटर, एक कूलर, ओल्या खसाचा वास,
बाहेर मे महिन्याची दुपार,
डांबराला चप्पल चिकटून राहील अशी.

गजभियेबाई ओढणी तोंडाला गुंडाळून आल्या.
पर्समधून आधी कांदा निघाला, ऊन लागू नये म्हणून ठेवलेला,
तो त्यांनी काउंटरवर ठेवला,
मग पेनड्राइव्ह.

"तीनशे बारा नावं हायेत भाऊ, पेन्शनच्या फाइलची.
इंग्रजी कोणं टाइप केली मालूम नाही.
साहेब लोकं सारे मोठ्या अक्षरात,
अन् सफाईवाले, पाहा न, बारक्या."

पाहिलं. खरंच.
वरची बावीस नावं कॅप्स लॉकमध्ये, छाती काढून.
खाली दोनशे नव्वद,
पहिल्या अक्षरानंसुद्धा मान वर न केलेली.
मुद्दाम नसेल केलं कुणी.
घाईत बोट लागलं असेल कॅप्स लॉकला,
बरोब्बर बाविसाव्या नावानंतर.
असेल.

मी सांगत बसलो, फाइल उघडेपर्यंत काहीतरी बोलावंच लागतं,
की मशीनच्या पोटात अक्षर नसतं, आकडा असतो.
मोठा ए पासष्ट, लहान ए सत्त्याण्णव,
मध्ये बत्तीस.
झेडपर्यंत कुठलीही जोडी घ्या, बत्तीसच.
एक खटका वर की खाली, एवढाच फरक.
आणि गंमत म्हणजे
आकडा मोठ्या अक्षराचाच लहान.
"बस?" बाई म्हणाल्या. "एवढंच?"

सगळं सिलेक्ट केलं.
आधी सगळ्यांना लहान,
मग प्रत्येक शब्दाचं पहिलं तेवढं मोठं.
मधे पापणी लवेपर्यंत
तीनशे बाराही जण सारखेच बारके होते.
तेव्हा मशीनला विचारलं असतं, यात आधी मोठं कोण होतं,
तर त्याला सांगता आलं नसतं.
एवढं साफ विसरणारं
माझ्या ओळखीत दुसरं कोणी नाही.

डॉक्टरसाहेबांच्या एमबीबीएसमधला
एम तेवढा उभा राहिला, बाकी तिघं बसले.
डी'कोस्टांचा सी पण बसला.
त्यांना हातानं उठवलं.

बाईंचं बोट काचेवरून उतरत
एकशे एकोणसाठवर थांबलं.
शेवंता किसन गजभिये.
"सासू माझी.
हिचं मशीननं केलं का?"
"हो."
"वापस घ्या."

कंट्रोल झेड. कंट्रोल झेड.
सी बसला, डॉक्टर बसले,
मग बावीस पुन्हा ताठ, बाकी पुन्हा खाली मान घालून.
बाईंनी स्टूल ओढलं.
डाव्या करंगळीनं शिफ्ट दाबून धरली,
आणि उजवं बोट एस शोधत फिरलं,
नव्या लेआउटमध्ये ओळखीचं घर शोधावं तसं.
मिनिटभर तरी गेलं.
मग के.
जी लवकर सापडला, तो त्यांचाही होता.
"आता बाकीचे करा."

बाकीचे केले.
एकशे अठ्ठावन्नपर्यंत, आणि एकशे साठपासून.

शेजारच्या रकान्यात हीच नावं मराठीत होती.
मघाशी सगळं सिलेक्ट केलं तेव्हा
हुकूम त्यांच्यावरूनही गेला होता.
एक काना हलला नव्हता.
आपल्यात लहान अक्षर, मोठं अक्षर असं नसतंच,
मी म्हणालो.
"मंग हे सारं कुठून आलं हो, भाऊ?"
ओढणी बांधता बांधता बाईंनी विचारलं.
नेमका तेव्हाच कागद अडकला.
मी प्रिंटरचं झाकण उघडून वाकलो,
वाकलेलाच राहिलो जरा.

सोळा पानं, बत्तीस रुपये.
सुटे देऊन त्या निघाल्या.
कूलरची टाकी भरायला उठलो तेव्हा पाहिलं,
कांदा काउंटरवरच.
तो घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत धावलो, अनवाणी.
रस्त्यावर ऊन होतं.