काना, वेलांटी

दीर मस्कतला टगवर असतो. त्याने पाठवला.
कॅप्टनने टाकलेला ह्याने घेतला,
ह्याने वर्षभर वापरला, मग वहिनीची आठवण झाली.
खोक्यात चार्जर नव्हता. खजूर होते.

मुकादमांच्या अझीमने दोन्ही फोन काउंटरवर
शेजारी शेजारी ठेवले,
आमच्या हर्णैच्या वाळूत गाडीचे बैल
बोटींची वाट बघत उभे असतात तसे.
म्हणाला, ताई, अँड्रॉइडमधलं सगळं आयफोनात जायला
वेळ लागेल. मधे कुणाचा फोन घेऊ नका.
पाचला लिलाव. मी स्टुलावर.
उरला अर्धा तास, म्हणाला फोन.
मग म्हणाला, उरले दोन तास.
असा हिशोब मी केला असता
तर नाखवांनी वही काढून घेतली असती.

आलं तसं सगळं.
फोटो आले, वहीच्या पानांचेसुद्धा.
नावं आली: बर्फ पाजपंढरी, बर्फ दुसरा,
डिझेल चोगले, भरत उचलू नको.
मागे जायचं बटण तेवढं नाही ह्याला.
कडेवरून बोट सरकवायचं, अझीमने दाखवलं,
सुरी फिरवावी तसं, कल्ल्याखालून.
ते एका फटक्यात जमलं.

लिहिणं नाही जमलं.
जुन्याला मी सात वर्षं शिकवलं होतं.
ढ दाबला की ढोमा म्हणायचा,
मां म्हटलं की मांदेली,
भाव लिहिला की पुढे आपणहून
पडला.
हा ढ ला ढग म्हणतो.
मां ला मांजर.
मी म्हावरं लिहिते, हा म्हातारं करतो
आणि गप्प उभा राहतो, शाबासकी मिळेल म्हणून.

परवा रत्नागिरीच्या कंपनीला मेसेज टाकला,
घाईत, एका हातात टोपली.
टोपल्या हा शब्द आम्ही लिहीत नाही, त्यांना कळतो.
गजलक्ष्मी आली. चाळीस बळा.
गेलं ते असं:
गजलक्ष्मी आली. चाळीस बळी.

लगेच फोन. सुर्वे मॅनेजर.
रुपया-दोन रुपयांवरून खेकसणारा माणूस,
आवाज एकदम खाली.
काय झालं वहिनी? कोण कोण होतं?
मी मेसेज उघडला.
कान्याच्या जागी वेलांटी.
बळा हो, बळा, मासा, म्हटलं, आणि हसले,
आणि हसता हसता मान वर करून बघितलं.
कमरेइतक्या पाण्यात गजलक्ष्मी.
नाळेवर माझा प्रीतेश
बादलीने फळ्या धूत होता.
परत बघितलं.
त्या बोटीत चाळीस माणसं मावत नाहीत,
आठ मावतात,
हे मला माहीत होतं.
सुर्वेंनी त्या दिवशी भाव पाडला नाही.

जुना फोन सुनेला दिला.
सगळं पुसून देतो, म्हणाला अझीम, नव्यासारखा.
मी म्हटलं, फोटो पूस. माझं खातं काढ.
कीबोर्डाला हात लावू नको.
त्याने बघितलं माझ्याकडे, पण लावला नाही.

काल दर्पणा दापोलीला गेलेली, माहेरच्या कामाला.
एसटीतून तिचा मेसेज आला, त्या फोनवरून पहिलाच:
भाव पडला तरी जेवून घ्या. वाट बघू नका.

दर्पणा असं बोलत नाही.
लग्नाला दीड वर्ष झालं, ती अजून
अहो आई म्हणते, आणि पुढचं गिळते.
ह्यातलं तिने किती लिहिलं
आणि बाकीचं कोणी,
ते मी विचारलं नाही.
जेवले. सुक्या बोंबलांचं कालवण होतं.
मग बरं लिहायला ब दाबला.

हा म्हणाला, बळा.
काना नीट.

तेच पाठवलं.