माडाचा टेकू

वाळपईच्या मशिदीतला जुना मिंबर उतरवला,
तर खाली माडाचा टेकू,
वाळवीनं अर्धा पोखरलेला.
बुऱ्हानमामू म्हणाला, जाळू नका.

मदिनेत खजुराचा एक बुंधा होता.
त्याला टेकून पैगंबर बोलायचे.
नवा मिंबर आला, त्या जुम्म्याला
तो गाभण सांडणीसारखा हंबरला,
साऱ्या जमातीनं ऐकला.
ते खाली उतरले, त्याला कवेत घेतलं.
मुलासारखा हुंदके देत देत
निवला.

“आणि हा?” रुकय्यानं विचारलं.
मामूनं रंधा बाजूला ठेवला,
भुशानं माखलेला कान टेकूला लावला.
बाहेर कुळागरात पाटाचं पाणी.

“काही नाही गो. वाळवी कुरतडतेय.”
मग दरूद पुटपुटत,
कान न काढता:
“ती तरी काय म्हणते, कुणास ठाऊक.”