बादली

नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी, उजाडायच्या आधी,
आमच्या पबनिकोच्या बोटी सापळे लादून निघतात.
त्याच्या आदल्या शुक्रवारी झेली सुरेत दुकानात आली.
म्हणाली, चाकू दाखव. मिटणारे. मोठे.

मी कपाटाची किल्ली शोधू लागलो.
किल्ली हातातच होती.

तीस वर्षं या धक्क्यावर मी खिळे विकतोय,
दोर, रबरी बूट, रंगाचे डबे, चाकू.
माणसं चाकू कसा घेतात ते मला पाठ आहे:
मनगटावरचे केस भादरून बघतात,
मूठ हाडाची की लाकडाची विचारतात,
मग वाऱ्यापावसावर बोलतात
आणि पहिल्यांदा हातात घेतलेलाच घेऊन जातात.

झेलीने धार बघितलीच नाही.
"धार मी लावीन. बादली आहे?"
दिली. तिने ती धक्क्यावरून खाली सोडली,
समुद्र भरून आणला, काउंटरवर ठेवला,
बाही सारली, डावा हात कोपरापर्यंत आत घातला
आणि घड्याळाकडे बघत उभी राहिली.

पाच मिनिटं पुष्कळ असतात.
मी उधारीची वही उघडली, मिटली.

हात बाहेर आला, उकडलेल्या शेवंडासारखा लाल,
आणि त्या एकट्या हाताने ती एकेक चाकू उघडू लागली.
उजवा पाठीमागे, जणू तिकडे काहीतरी धरून ठेवलंय.

ऑलिव्हच्या मुठीचा, माझा सगळ्यात देखणा:
नखाची खाच; बोटं घसरली, बाजूला.
दुसऱ्याचा खटका नीट बसेना.
तिसरा एवढासा. "हा सफरचंदाचा."
हात परत बादलीत.
मी म्हटलं, पुरे की गं. तिने ऐकलं नाही.

तळाच्या खणात एक होता, तीन वर्षं पडून,
नारिंगी प्लास्टिकची मूठ, घोड्याच्या जबड्यासारखा बेढब,
अर्धं पातं दातेरी,
पात्यालाच अंगठा शिरेल एवढं भोक.
खट्.
मिटला. खट्. मिटला. ओला हातमोजा चढवला. खट्.

"दोर धर," म्हणाली. "ओढ. अजून ओढ."
दोर तुटला आणि मी मागच्या मागे रंगाच्या डब्यांवर.

तिच्या बापाचा, आनातोलचा, चाकू मीच निवडला होता.
हाडाची मूठ, तीवर कोरलेलं गलबत,
उघडायला दोन हात, एक नख, आणि थोडी फुरसत.
जन्मभर पुरेल, म्हणालो होतो.
पुरला.
एप्रिलात दोराचं वेटोळं त्याच्या पायात आलं,
एका हाताने त्याने कठडा धरला होता म्हणे;
किती वेळ, ते कुणी सांगत नाही.
चाकू खिशात सापडला. मिटलेला.

यातलं आम्ही काहीच बोललो नाही.
तिने तो आधी पँटच्या खिशाला अडकवून बघितला,
मग छातीवर, पट्ट्याला,
जिथे डावाही पोचतो आणि उजवाही.

"किती झाले?"
राहू दे, मी म्हटलं.
"चाकू फुकट घेतला तर संबंध तुटतो,"
तिने नोटा मोजल्या, वर सुटी नाणी,
शेवटचं नाणं बोटाने माझ्याकडे सरकवलं.
ते बोट अजून लालच होतं.

बादली राहिली.
दुकान बंद करताना मी बाही सारली.
पाणी अजून तसंच गार होतं.
मग ऑलिव्हच्या मुठीचा तो चाकू, डाव्या हातात;
खाचेत नख काही बसेना.
किती वेळ, ते मीही सांगत नाही.

सोमवारी वारा फार होता.
बोटी मंगळवारी गेल्या.