पाऊण आटा

जालन्यात, अंबड चौफुलीच्या पुढं, पत्र्याच्या शेडमध्ये
केरबाच्या टोचन-गाडीचा गिअरबॉक्स
पोत्यावर उघडा पडलाय.
ऑइल काढलं तेव्हाच कळलं होतं:
काकवीसारखं काळं, वास जळका,
आणि उन्हात धरलं की आत पितळेचा भुगा,
जणू एखाद्या सराफानं त्यात हात धुतलेत.

तिसऱ्या गिअरचे चार दात गेलेत.
पाचव्याला चीर.
इलियासभाई असते तर डोळे मिटून बोटानं मोजले असते.
मी चष्मा पुसतो, परत मोजतो.

केरबा उकिडवा बसून तंबाखू मळतोय,
नजर टायरवर.
"पंप वाढवला का?"
"थोडाच."
"थोडा म्हंजे?"
"वाळूजचा पोऱ्या म्हणला, दीड आटा आत घेतो.
टर्बोबी मोठा बसवला.
मामा, आता गाडी कशी उठती, बघाच तुम्ही."

उठणारच.
इंजिनाचं काय, जास्त डिझेल पाजलं की ते जास्त बोलतं.
पण त्याच्या मागं, प्लेटीच्या आड,
अंधारात तेलात बुडून जो उभाय,
त्याला कुणी विचारलं नाही.
इतका पिळा सोसेन, याच्या वर नाही,
एवढंच लिहून देऊन तो कारखान्यातून निघालेला.
पोऱ्यानं इंजिनाचा कागद फाडला.
याचा तसाच राहिला.

आणि मागं बांधलेलं काय?
सळ्यांनी भरलेला मेलेला ट्रेलर,
मांजरसुंब्याचा घाट, दुपारचे दोन,
केरबा चौथ्यात, सुई हजारावर,
पाय पार तळाला.

"कामून रे, खालचा गिअर टाकला नाहीस?"
"वढत व्हती की गाडी, मामा."

ओढत होती.
तेच तर.
आधी ओढत नव्हती, म्हणून तू वेळेवर खाली यायचास.
ताकद नव्हती तेव्हा
तुझ्या हाताला गिअर कळायचा.

"पण घाटात सहा मिनिटं वाचतात."
"त्या सहा मिनिटांचं काय करतोस?"
त्यानं तंबाखू दाढेखाली सरकवली.
"वर गेलं की थांबतो अर्धा तास.
जळका वास जाईस्तोवर."

आम्ही दोघंही हसलो.
चहावाला पोरगाही हसला, का ते न कळता.

"मंग पंप समदा मागं घ्यायचा?"
आवाज असा,
जणू मी त्याच्या पोराचं नाव शाळेतून काढायला सांगतोय.

सगळा नको. पाऊण आटा राहू दे.
पण वजन मागं असलं की चौथा विसर,
सुई पंधराशेच्या वर आल्याशिवाय पाय जड करू नको.
आणि प्लेट घसरली तर घसरू दे,
तिच्यावर चिडू नको.
स्वस्तातली आहे ती, आधी हरायलाच ठेवलेली.
तिला जाड केलीस तर
पुढचा हिशेब या दातांवर येतो.

हे सगळं मी शहाणा म्हणून सांगत नाही.
अठ्ठ्याण्णव साली, दोनशे रुपयांच्या पैजेवर,
असाच एक गिअरबॉक्स मी एकट्यानं छातीवर घेतला होता.
लोकांनी शिट्ट्या मारल्या.
खांदा तेव्हा काही बोलला नाही.
आता शर्ट घालताना बोलतो.

नवा तिसरा गिअर मंगळवारी येईल, रिंगा त्याच्यासोबत.
तोवर उभ्या गाडीचं इंजिन चालू करून
मी पंपाचा स्क्रू मागं घेतो.
पाव.
अर्धा.
थोडा थांबून, आणखी पाव.
धूर काळ्याचा करडा होतो.
केरबा बॉनेटवर कान टेकवून ऐकतो
आणि तोंड पाडतो.

"मामा, पावच आटा, परत आत?"

"पुढल्या खेपेला बघू,"
म्हणून मी पाना खिशात टाकतो.