खारं पाणी, तीस मिली

देवगडात, बर्फाच्या कारखान्याकडे उतरायच्या आधी
माझं औषधांचं दुकान.
डिसेंबर सरत आला की गिऱ्हाईक आधी शिंकतं,
मग बोलतं.
कलमं मोहरलेली, मोहोरावर फवारणी,
फवारणीवर वारा,
आणि वाऱ्याला सगळ्यात सोपी वाट
माणसाचं नाक.

काल दिवेलागणीला बाबल कुबल आला.
तोंडावर पंचा, डोळे गांधील चावल्यासारखे.
"बाये, सर्दीचा कायतरी दी.
पण झोप येवची नाय अशी."

लोक सहसा उलटं मागतात.
रात्रभर डोळा लागत नाही म्हणतात.

"तीन वाजता भायर पडूचा हा," म्हणाला,
आणि खिशातून एक चुरगळलेली स्ट्रिप काढली.
पिवळ्या गोळ्या, मेव्हण्याकडच्या, तीन उरलेल्या.
"गेल्या साली हीच घेतलंय."
काचेवर नखाने एक रेघ ओढली, थांबला.
"हात सुकाणवार होतो.
मीच नाय होतंय.
पोरान बोंब मारल्यान म्हणान..."
पुढचं त्याने पंच्यात शिंकून टाकलं.

मी स्ट्रिप उलटी करून दिव्याखाली धरली.
मुंगीच्या पायाएवढी अक्षरं:
गुंगी येऊ शकते. वाहन चालवू नये.
लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे स्कूटर असेल,
फार तर ट्रक.
सहा माणसांची होडी, काळोख,
आणि कुणीतरी न सांगता टाकलेली जाळी
त्याला कुठून सुचणार?

"मगे ती दी. चार औषधा एकात."
ती सगळ्यांनाच हवी असते.
ताप, खोकला, अंगदुखी, चोंदलेलं नाक,
घर साफ करून देणारा एकच गडी.
"प्रेशरची गोळी चालू आहे?"
"नाय."
मग रस्त्याकडे बघत,
"एक असा. बारकी. सकाळची."
बारकी आहे म्हणजे जणू औषधच नाही.
मी चार औषधांचा डबा परत वर ठेवला.
नाक उघडणारं त्यातलं एक
प्रेशरवाल्याला चालत नाही.

खालच्या खणातली पांढरी काढली.
"हिने बहुतेकांना झोप येत नाही."
"बहुतेक?"
शब्द त्याने बरोबर पकडला, पाण्यातल्या माणसासारखा.
"म्हणून पहिली गोळी जमिनीवर घ्यायची.
किनाऱ्याला असाल त्या दिवशी. बघायचं, कशी लागते."
"आणि आज?"

आज.
मी कपाटाच्या टोकाला गेले
आणि त्याच्यापुढे एक छोटी बाटली ठेवली.
"नाकात सोडायचं. दोन-दोनदा. याने झोप येत नाही,
प्रेशरलाही काही होत नाही."
"काय असा ह्या?"
"मिठाचं पाणी."

बाबल कुबलने बाटलीकडे बघितलं,
मग दाराबाहेर, जिथे बंदर वासावरूनच कळतं,
मग माझ्याकडे.
चाळीस वर्षं खाऱ्या पाण्यात काढलेला माणूस,
आणि त्याला तीस मिली खारं पाणी
छापील किमतीला विकणारी मी, मिरजेची.

इतका हसला की नाक क्षणभर आपोआप मोकळं झालं.
"संपला काय दर्यातला भरू?"
"अजिबात नाही. याला माप असतं. हे निर्जंतुक असतं."
"दर्याक माप नाय, ह्या मातर खरा," म्हणाला,
आणि पैसे मोजून दिले. सुटे. ओलसर.
चार दिवसांत उतरलं नाही तर डॉक्टरकडे जा,
हे मी त्याच्या पाठीला सांगितलं.

मेव्हण्याच्या तीन गोळ्या काचेवरच राहिल्या.

रात्री शटर ओढताना मलाही सुरू झालं.
सतरा शिंका. अठरावी अर्ध्यावर अडकली.
परसातला आमचाच हापूस,
त्याला कुठे माहीत मी दुकानदार आहे.
घरी आमच्या डब्यातली पिवळी घेतली, पाण्याबरोबर,
जराही विचार न करता.
सकाळी दुकान दहाला उघडायचं. माझ्या हातात सुकाणू नाही.

गोळीने मला खाली खाली नेलं.
तरी पहाटे कधीतरी, जड कानांनी,
इंजिनं सुरू झालेली ऐकली:
एक, दोन, मग खोकत खोकत तिसरं.
कुठलं त्याचं, ओळखता आलं नाही.
मोजता मोजता माझाच डोळा लागला.